दोन आठवड्यांची पावलं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्फकमध्ये, हॅपिसबर्ग नावाचं गाव आहे. लिहायचं हॅपिसबर्ग, म्हणायचं हेझब्रो. उंच मनोऱ्याचं चर्च, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं 1790 सालचं दीपगृह, आणि समुद्राकडे जाता जाता मध्येच तुटलेला रस्ता. त्या रस्त्यावरची घरं एकामागून एक कड्याच्या टोकावर आली. जी उरली त्यातली काही 2012 मध्ये पाडून टाकली, कोसळण्याआधीच. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. किनाऱ्याची धूप आणि धूपप्रतिबंधक बंधारा हे शब्द त्याच्या ग्रामसभेत दर पावसाळ्याला येतातच.

या गावाच्या पुळणीवर मे 2013 मध्ये ओहोटीच्या वेळी एक गाळाचा थर उघडा पडला. खवळलेल्या समुद्राने वरची वाळू ओढून नेली होती. पुरातत्त्वाचं पथक तिथे वेगळ्याच कामासाठी, भूभौतिक सर्वेक्षणासाठी आलेलं होतं. पथकातल्या मार्टिन बेट्स यांची नजर त्या थरावरच्या लांबट खळग्यांवर गेली. जेमतेम 12 चौरस मीटरचा तुकडा, आणि त्यावर दाटीवाटीने उमटलेल्या खुणा. पुढच्या तपासणीत त्या माणसांच्या पावलांच्या ठरल्या. वय साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षं. त्या वेळेपर्यंत आफ्रिकेबाहेर इतकी जुनी पावलं कुणाला सापडली नव्हती. महिना संपेपर्यंत मात्र तो पृष्ठभाग राहिला नाही. दिसल्यापासून जाईपर्यंत सगळे मिळून दोन आठवडे.

लाखो वर्षं टिकलेली गोष्ट दोन आठवड्यांत जाते याचं नवल वाटतं. गाळाची जात समजून घेतली की ते नवल ओसरतं.

हा गाळ एका प्राचीन नदीच्या मुखाचा आहे. त्या काळी थेम्स आजच्या लंडनकडून न जाता बरीच उत्तरेकडून वाहत होती आणि याच भागात समुद्राला मिळत होती. ब्रिटन तेव्हा बेट नव्हतं, युरोपला जोडलेलं होतं. खाडीत भरतीचं पाणी आलं की बारीक गाळ बसायचा, पाणी वळलं की वर वाळूचा विरळ हात फिरायचा. असं वर्षानुवर्षं चालून चिरोट्याला सुटावेत तसे पदर तयार झाले. अर्धवट ओल्या चिखलावर कुणी चाललं, खळगा पडला, पुढच्या भरतीने त्यात वाळू भरली आणि वर पुन्हा गाळ बसला. नंतर हिमयुगांच्या हिमनद्यांनी वर कित्येक मीटर माती, वाळू आणि गोटे आणून टाकले. त्या ओझ्याखाली गाळ घट्ट झाला, पण त्याचा दगड झाला नाही. नखाने खरवडला तर निघतो.

वरचं ओझं होतं आणि ओल कायम होती, म्हणूनच तो टिकला. समुद्राने कडा मागे रेटला, ओझं गेलं. पुळणीची वाळू हलली, तेव्हा पांघरूणही गेलं. लाटा पहिल्यांदा पदरांमधली मऊ वाळू धुऊन नेतात. खळग्यात भरलेली वाळू निघते आणि पाऊल दिसू लागतं. म्हणजे पाऊल दिसतं ते नाशाची पहिली पायरी सुरू झाली म्हणूनच. पुढच्या पायऱ्या भराभर येतात. लाटेबरोबर घासत येणारे गारगोटीचे गोटे पावलाच्या कडा बोथट करतात. उन्हाने पृष्ठभाग सुकला की तडे जातात, आणि पुढच्या भरतीला त्या तड्यांत पाणी शिरून एकेक पदर उचलला जातो. वाळू परत आली तर थर झाकला जातो आणि वाचतो. ती वेळेवर येईलच याची काही हमी नसते.

पाऊल म्हणून ओळखायचं कसं, हा पहिला प्रश्न. किनाऱ्यावर खळगे शेकडो कारणांनी पडतात. लाटांच्या भोवऱ्याने पडतात, गोटा निखळून पडतात, जनावरांच्या खुरांनी पडतात. परवा कुणी बूट घालून गेलं असेल ही शंका आधी मिटवावी लागते. ती लवकर मिटते, कारण इतक्या दाबल्या गेलेल्या गाळावर आजच्या माणसाचा पाय खोल ठसा उमटवत नाही, फार तर पदर मोडतो. मग लांबी आणि रुंदीचं प्रमाण बघायचं. पाण्याने कोरलेल्या खळग्यांची मापं कशीही विखुरलेली असतात. पावलांची मापं एका पट्ट्यात बसतात, टाच आणि चवडा वेगळे दिसतात, मध्ये कमान असते. हेझब्रोच्या खुणांपैकी जवळपास 50 मापण्याजोग्या होत्या, पुरती बाह्यरेषा मिळालेल्या डझनभर. बोटं उमटलेली स्पष्ट म्हणावीत अशी एकाच ठिकाणी. बाकीच्यांवर इतक्या लाटा फिरून गेलेल्या होत्या की, बोटं शोधत बसणं म्हणजे ढगात आकार शोधणं झालं असतं.

खरी कसरत नोंदीची. समुद्राकाठच्या जागेवर घड्याळ भरतीचं असतं. दोन ओहोट्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणजे वेळ रोज 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी आठची ओहोटी आठवड्याने दुपारी जाते, आणि त्या दिवशीची दुसरी ओहोटी मध्यरात्रीनंतर. कामाला मिळतात ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दीड-दोन. उधाणाच्या दिवसांत पाणी लांबवर मागे जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, खालचा थर कधी कधी उघडाच पडत नाही. भरती-ओहोटीच्या कोष्टकात छापलेल्या उंचीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, कारण हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने घटला की पाण्याची पातळी साधारण 1 सेंटिमीटरने चढते, आणि या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा सुटला तर पाणी मागे जायलाच तयार नसतं. म्हणून त्या दिवसाचं काम आदल्या रात्री कागदावर उतरवलेलं लागतं. कोण कुठे उभं राहील, कोणती वस्तू कोणाच्या हातात, पाणी वळलं की पहिलं काय उचलायचं.

हेझब्रोला वापरली ती फोटोग्रामेट्री, म्हणजे एकमेकांवर चढणाऱ्या शेकडो छायाचित्रांतून संगणकावर त्रिमिती प्रतिकृती उभी करायची. यॉर्क विद्यापीठाच्या सेरा डफी यांनी ती केली. पद्धत ऐकायला सोपी आहे, ओल्या पुळणीवर ती बिघडायला शंभर वाटा आहेत.

आधी थर साफ करायचा. फावडं नाही, खराटा नाही. समुद्राचंच पाणी बादलीने अलगद सोडून वरची वाळू वाहवायची, कारण ब्रशचे केस ओल्या गाळावर रेघा ओढतात आणि नंतर प्रतिकृतीत त्या रेघा पावलाच्या बाह्यरेषेत मिसळतात. खळग्यातलं पाणी स्पंजने टिपायचं. टिपायचं, पुसायचं नाही. माणसांनी फळ्यांवर उभं राहायचं. बुटाची टाच एकदा रुतली की त्या जागेचा पदर गेला.

मग मापपट्ट्या. किमान दोन, एकमेकींना काटकोनात, आणि एकदा ठेवल्या की काम संपेपर्यंत हलवायच्या नाहीत. भोवती चार-सहा खुणेच्या पाट्या ठोकायच्या आणि त्यांचे अक्षांश, रेखांश, उंची अचूक जीपीएसने किंवा टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने, घ्यायची. हे राहून गेलं तर प्रतिकृती सुबक होते, पण जगात ती नेमकी कुठे आहे आणि पावलं कोणत्या दिशेला वळलेली आहेत हे सांगता येत नाही. हेझब्रोची बहुतेक पावलं दक्षिणेच्या रोखाने गेलेली आहेत. ही एवढीशी गोष्ट सांगता आली ती दिशेची नोंद होती म्हणून.

कॅमेऱ्याला एकाच नाभीय अंतराचं भिंग, झूम नको. ॲपर्चर एफ/8 च्या आसपास पक्कं, फोकस पक्का, फ्लॅश बंद. पुढच्या छायाचित्रात आधीच्याचा 80 टक्के भाग यावा, शेजारच्या ओळीशी निदान 60 टक्के. प्रत्येक बिंदू तीन तरी छायाचित्रांत हवा, नाहीतर संगणक तिथे भोक ठेवतो किंवा, त्याहून वाईट, स्वतःच्या मनाने भरतो. एक फेरी सरळ वरून, एक तिरपी चहूबाजूंनी. आधी सगळ्या तुकड्याची फेरी, मग जवळची. उलट क्रमाने गेलात आणि पाणी लवकर आलं तर दहा पावलं सुरेख मिळतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं मिळत नाही. ढगाळ उजेड या कामाला चांगला, कारण सावल्या पडत नाहीत. डोळ्यांना पाऊल दिसायला मात्र तिरपं ऊन लागतं. म्हणून ज्याला वेळ आहे तो दोन्ही वेळा येतो. हेझब्रोला तेवढी चैन नव्हती.

त्या दिवशी पाऊस होता, आणि खळगे पुन्हा पुन्हा भरत होते. पाण्याचा त्रास नुसता चकाकीचा नसतो. पाण्यात प्रकाश वाकतो आणि वरून पाहताना तळ वर आल्यासारखा दिसतो. 4 सेंटिमीटर खोल खळगा छायाचित्रात साधारण 3 सेंटिमीटरचा भासतो. त्यात थेंब पडत असतील तर प्रत्येक छायाचित्रात पृष्ठभाग वेगळा, आणि संगणकाला जुळवायला समान बिंदूच सापडत नाहीत. टाच किती रुतली, चवडा किती, यावरूनच तर ठसा पायाचा आहे हे पटवायचं असतं. तिथेच खोलीचा घोटाळा झाला तर प्रतिकृती दिसायला छान आणि पुरावा म्हणून लंगडी. भिंगावर बसलेला एक थेंबही असाच छळतो. तो प्रत्येक चित्रात त्याच कोपऱ्यात राहतो. म्हणून दर चार-पाच चित्रांनी भिंग पुसायचं, आणि जागा सोडण्यापूर्वी सगळी चित्रं पडद्यावर तपासायची. घरी जाऊन कळून काही उपयोग नाही.

जमिनीतून झिरपणारं पाणी हा आणखी एक ताप. ओहोटी लागली तरी वरच्या पुळणीत मुरलेलं पाणी तासन् तास खाली पाझरत राहतं. थराच्या वरच्या अंगाला वाळूचा वीतभर उंच बांध घालून, बाजूने चर काढून ते वळवावं लागतं. शेताचा बांध घातलेल्या माणसाला हे पटकन जमतं, विद्यापीठातून ताज्या आलेल्याला दोन-तीन भरत्या जाव्या लागतात.

नंतर लेझर स्कॅनरही आला, पण तोवर पावलांची बरीच झीज झाली होती. आज जे हातात आहे ते त्या पावसातल्या छायाचित्रांतून आलेलं आहे. ते काम इतकं नीट झालं याचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही. बातम्यांत सगळा भाव शोधाला मिळतो, नोंदीला नाही.

प्रतिकृतीवरून मापं घेतली. पावलांची लांबी 14 ते 26 सेंटिमीटर. माणसाचं पाऊल उंचीच्या साधारण 15 टक्के असतं, त्या हिशेबाने उंची निघते 93 सेंटिमीटर ते 1 मीटर 73 सेंटिमीटर. म्हणजे मोठी माणसं होती आणि लहान मुलंही होती, निदान पाच जण असावेत. चिखलातलं पाऊल खऱ्या पायापेक्षा थोडं मोठं किंवा लहान उमटू शकतं, त्यामुळे एकेका आकड्यावर जीव टाकण्यात अर्थ नाही. लहान-मोठ्यांचा मेळा होता, एवढं मात्र त्यातून ठामपणे निघतं. ती माणसं कोणत्या प्रजातीची हे पावलावरून ठरत नाही. स्पेनमधल्या अतापुएर्का इथे याच सुमाराची, होमो अँटेसेसर म्हणून ओळखली जाणारी माणसं सापडलेली आहेत. ब्रिटनमध्ये त्या काळातल्या माणसाचं एकही हाड मिळालेलं नाही, म्हणून अंदाज तिकडे झुकतो, इतकंच.

वय पावलाचं काढता येत नाही, थराचं काढता येतं. त्याचं काम आधीच झालं होतं. 2000 साली याच पुळणीवर, दुसऱ्या एका थरात रुतलेली काळ्या गारगोटीची हातकुऱ्हाड एका फिरायला आलेल्या माणसाला दिसली. ती साधारण पाच लाख वर्षांची. त्यानंतर ब्रिटिश म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम यांच्या मंडळींनी इथे ठाण मांडलं. 2005 पासूनच्या उत्खननात जवळच्या जुन्या थरांतून 78 दगडी अवजारं आणि ती घडवताना उडालेले छिलके मिळाले, आणि 2010 मध्ये ते जाहीर झालं.

वयाचा आधार मुख्यतः पृथ्वीच्या चुंबकत्वाचा. गाळ बसताना त्यातले लोहकण त्या वेळच्या उत्तर दिशेकडे वळून बसतात. इथल्या थरात ती दिशा उलटी निघाली, आणि पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव शेवटचे पालटले ते सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी. म्हणजे थर त्याहून जुना. या नमुन्यासाठी प्लॅस्टिकच्या छोट्या डब्या थराच्या साफ केलेल्या उभ्या छेदात दाबून बसवतात, प्रत्येकीवर उत्तरेचा बाण काढतात, मगच कापून काढतात. बाण विसरलात तर डबी फेकून द्यायची. परागकण, बीजं, भुंग्यांचे पंख आणि प्राण्यांची हाडं यांनी बाकीची चौकट भरली. युरोपच्या या भागातून पुढे नाहीशा झालेल्या झाडांचे पराग, दक्षिणी मॅमथ, नाहीसा झालेला घोडा. हिवाळे आजच्या नॉर्फकपेक्षा कडक होते, भोवती पाइन आणि स्प्रूसचं रान. पराग घेताना छेद ताजा खरवडायचा आणि नमुने खालून वर घ्यायचे. वरून खाली आलात तर वरच्या थराचे कण खालच्या नमुन्यात गळतात.

पुळणीत खड्डा घेणं हा वेगळाच प्रकार आहे. वरची वाळू यंत्राने काढावी लागते. कडेने वाळूच्या गोण्या रचायच्या, एका कोपऱ्यात खड्ड्यापेक्षा खोल हौद करायचा, त्यात भोकं पाडलेलं पिंप उभं करून भोवती खडी भरायची आणि पंपाचं तोंड पिंपात सोडायचं. पंप थेट वाळूत ठेवला तर थोड्याच वेळात चोंदतो. इतकं करूनही भरती आली की खड्डा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी पहिला तास उपसण्यात जातो. काम थांबलं की खड्डा बुजवावाच लागतो, कारण पुळण लोकांची आहे, मुलं फिरतात, आणि ओल्या वाळूच्या भिंती कधी ढासळतील याचा नेम नसतो.

थरातून सुटून पुळणीवर लोळणाऱ्या वस्तूंचं काय? पूर्वीचे लोक त्या मोजतच नसत. आता गावातली फिरायला जाणारी मंडळी प्रत्येक तुकड्याची जागा मोबाइलच्या जीपीएसवर टिपतात, आणि साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या रेचल बाइनो यांनी स्थानिकांच्या अशा संग्रहांवरून कुठे कुठे अजून थर दडले असतील याचा माग काढला. यात धार बघायची. गारगोटीचा छिलका थरातून ताजा निघाला असेल तर बोट कापेल इतका तीक्ष्ण असतो. लाटांत फिरला असेल तर कडा गोलावतात आणि चकाकी जाते. धारदार तुकडे एका जागी जमत असतील तर त्यांचं घर जवळ आहे. आपल्याकडे घारापुरीच्या किनाऱ्यावर मिळणारे ॲम्फोरांचे, म्हणजे जुन्या दोन कानांच्या रोमन मद्यकुंभांचे, खापरतुकडे असोत की चौलच्या खाडीकाठची विटा-खापरं, तिथेही हाच प्रश्न पहिला विचारायचा. कडा झिजलेली खापरं कुठूनही आलेली असू शकतात. मोडलेल्या कडा करकरीत असतील तर जवळचा काठ बघावा.

पुरातत्त्ववाले ज्याबद्दल जरा हळू आवाजात बोलतात असा एक मुद्दा उरतो. 1953 च्या जानेवारीअखेरच्या रात्री उत्तर समुद्राच्या उधाणाने इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर 307 माणसं घेतली. त्यानंतर हेझब्रोपुढे लाकडी संरक्षक बांध घातले गेले. 1990 च्या दशकात ते मोडत गेले, पुन्हा पुरते उभारले नाहीत, आणि मागचा मऊ कडा झपाट्याने आत आला. मधे मधे दगड टाकले, पण सरकारी आराखड्यात पुढच्या काळासाठी या गावापुढे ठोस हस्तक्षेप नाही. हेझब्रोची सगळी कीर्ती या मोडलेल्या बांधामागून आलेली आहे. बांध शाबूत असता तर घरं राहिली असती, आणि थर वाळूखाली आणि कड्याखाली गप्प पडून राहिले असते. धूप चालू राहावी असं कोणी म्हणत नाही. पण ज्या वादळाने एकाचं परसदार जातं त्याच वादळानंतर दुसरा माणूस उत्सुकतेने पुळणीवर जातो, हे मान्य करूनच इथे काम करावं. वारसा वाचवतो आहोत अशी भाषा तर अजिबात नको. 12 चौरस मीटरमधलं काहीच वाचलं नाही, मोजमाप वाचलं.

2019 मध्ये या गोष्टीला एक नवं वळण मिळालं. वायव्येला, थोड्याच अंतरावर, बॅक्टन इथे मोठं गॅस टर्मिनल आहे. ते आणि शेजारचं वॉलकॉट गाव वाचवण्यासाठी 18 लाख घनमीटर वाळू आणून किनाऱ्यावर पसरली. या पट्ट्यात लाटा वाळू आग्नेयेकडे ढकलतात, म्हणजे हेझब्रोच्या बाजूला. गावकऱ्यांना ती हवीच आहे, कड्याच्या पायथ्याशी वाळूचा ढीग म्हणजे लाटेचा जोर कमी. थरांनाही तेवढं पांघरूण. शोधणाऱ्यांना मात्र पुळण वर्षानुवर्षं रिकाम्या हाताने पालथी घालावी लागेल, आणि थर उघडा पडेल तो बहुधा एखाद्या लांबलेल्या ईशान्येच्या वाऱ्यानंतर, ओळीने दोन-तीन ओहोट्यांपुरता. तेवढ्यात जे कोणी तिथे असेल त्याच्याकडे कॅमेरा असेल, पण मापपट्टी बहुतेक नसेल. तेव्हा एखादी लांबी ठाऊक असलेली वस्तू, चावी असो की नाणं, खळग्याच्या शेजारी, आत नव्हे, सपाट ठेवून वरून आणि चारी बाजूंनी चित्रं घ्यावीत, मागे दीपगृह किंवा चर्चचा मनोरा येईल असं एक लांबून घ्यावं, वेळ आणि जागा लिहून संग्रहालयाला लगेच कळवावं, आणि थरात रुतलेलं काहीही उपटू नये.